अक्कांच्या कानातली टिकटिक

"बांगड्या काढ."

खोली बघायला मी त्या घरात पहिल्यांदा गेले, तेव्हा घरमालकीणबाईंचं हे पहिलं वाक्य. नाव नाही, गाव नाही, नोकरी कुठं म्हणून चौकशी नाही. मी दारात उभी, आणि समोर नाकावर चष्मा घसरलेल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या एक बाई तोंडावर बोट ठेवून मला गप्प करतायत. क्षणभर वाटलं, बाई लुटतात की काय! काचेच्याच होत्या म्हणा. मी मुकाट्यानं काढून दिल्या. त्यांनी त्या एका वाटीत रुमालावर अलगद ठेवल्या, मला दंडाला धरून आत नेलं, पाटावर बसवलं आणि सीडी प्लेअरचं बटण दाबलं.

कुणीतरी गात होतं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे मी भिंतीवरची पाल बघत बसले. थोड्या वेळानं बाईंनी लढाई जिंकल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"बघ! किणकिण गेली. मगाशी आली होती, मी सीडीवर संशय घेतला. बिचारीवर उगाच आळ. तूच होतीस की!" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "खोली वर हाय. पाणी रोज येत नाही, भरून ठेवायचं. कधी येतीस राहायला?"

मी मूळची वैरागची. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली म्हणून सोलापुरात आले आणि बाळीवेशीतल्या त्या घरात वरच्या खोलीत राहिले. बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही म्हणायला लागले. मुलींच्या शाळेत गाणं शिकवून त्या निवृत्त झालेल्या, लग्न केलेलं नाही. घरात भाऊ आणि वैनी. भाऊ सकाळीच दुकानात जायचे, वैनी अक्कलकोटकडच्या खेड्यातल्या, दिवसभर स्वयंपाकघर आणि देवघर. अक्का संध्याकाळी बाहेरच्या खोलीत मुलींची गाण्याची शिकवणी घ्यायच्या. घरात मराठी आणि कानडी अशी काही मिसळलेली, की भांडण एका भाषेत सुरू होऊन दुसरीत मिटायचं.

आणि अक्कांकडे सीड्या. कपाटभर. आजच्या जमान्यात! मी एकदा म्हणाले, "अक्का, मोबाइलवर हे सगळं फुकट मिळतं की."

"मिळतं. आणि मालकंस रंगात आला की मधेच बनियनची जाहिरात पण फुकट मिळती. ते तूच ऐक."

पण अक्कांचं खरं वेड गाणं नव्हतंच, असं माझं मत झालं होतं. खरं वेड गाण्यात घुसणाऱ्या नको त्या आवाजांचं. खरखर, टिचकी, घूं, झण्ण, किणकिण, सगळ्यांना त्या चेहऱ्यानिशी ओळखत. आवाज आला की बाईंच्या अंगात वारं शिरायचं. पदर खोचला जायचा, पंखा बंद व्हायचा (सोलापुरात, मे महिन्यात!), आणि तपास सुरू. तपासाचा क्रम ठरलेला. आधी सीडी, मग यंत्र, मग वायरी, मग घर, मग घरातली माणसं, आणि सगळ्यांत शेवटी आपला कान. "कानावर आळ घ्यायचा तो बाकी सगळे निर्दोष सुटल्यावर," असं त्या म्हणत.

सीडी पुसायला भाच्याचं बाळपणीचं झबलं होतं, धुऊन धुऊन साय झालेलं. पुसायची ती मधून कडेला, सरळ. मी एकदा मदत म्हणून ताटासारखी गोल गोल पुसली, तर अक्कांनी माझ्या हातातून ती अशी ओढून घेतली की जणू मी लेकराच्या तोंडावर घासणी फिरवत होते.

आसपासची माणसंही आपापली दुखणी घेऊन यायची. बार्शीहून एक बाई मुलीच्या लग्नाची सीडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "मंगलाष्टकं आली की अडखळतंय, अपशकुन वाटतोय." अक्कांनी सीडी उजेडात धरली, आपल्या यंत्रावर लावली. मंगलाष्टकं सुरळीत पार पडली. मग त्यांनी एकच विचारलं, "तुमचं यंत्र ठेवलंय कुठं?"

"फ्रीजवर."

"फ्रीज थरथरला की यंत्र थरथरतं, यंत्र थरथरलं की भटजी अडखळतो. खाली उतरवा त्याला. लेक सुखात नांदंल."

तेव्हा मला हसू आवरेना. पण खरं सांगते, पुढे पुढे मलाही हे वेड लागलं. ग्रंथालयात पंखा कुरकुरला तरी मी खुर्चीवर चढून कान लावायला लागले. चोर पकडण्यातली मजा एकदा कळली की सुटत नाही.

ती मजा मला कळली अप्पांच्या प्रकरणात. झालं असं, की एका गवयाच्या खालच्या सुराला भिंतीकडून झण्ण असा आवाज यायचा. फक्त त्याच सुराला. अक्कांनी सबंध सकाळ गाण्याची तेवढीच जागा पुन्हा पुन्हा लावली आणि मला घरभर फिरवलं. एकेका वस्तूला हात लावायचा, आवाज थांबला तर ती चोर. मी मांडणीवरच्या पातेल्यांना हात लावला, शिलाई मशीनला लावला, खिडकीच्या काचेला लावला, देव्हाऱ्यातली घंटा धरून उभी राहिले. झण्ण चालूच. शेवटी भिंतीवरच्या अक्कांच्या वडिलांच्या तसबिरीवर हात ठेवला आणि आवाज पटकन बंद!

"सिक्तु!" अक्का ओरडल्या. सापडलं की त्यांच्या तोंडून कानडीच बाहेर पडायचं. त्या लगेच स्टुलावर चढल्या, तसबिरीच्या मागे कापूस कोंबला आणि फोटोतल्या मिशाळ चेहऱ्याला म्हणाल्या, "अप्पा, हयात होतात तोवर गाऊ दिलं नाहीत. आता ऐकू तरी द्या की!"

स्वयंपाकघरातून वैनींचा आवाज आला, "वन्सं, मामंजींना आसं बोलू न्हाय."

"बोलत नाही गं, कापूस घालूलालेय!"

रविवारी सकाळी अक्कांकडे ऐकायला माणसं जमायची. शिकवणीच्या मुली, त्यांच्या आया, गल्लीतले एक निवृत्त बँकवाले काका. एकदा गाणं ऐन भरात असताना स्पीकरमधून टर्र टर्र टर्र असा आवाज आला. अक्कांनी डोळे न उघडताच बोट केलं, "काका, तुमचा फोन वाजणार." आणि पुढच्याच क्षणी काकांच्या खिशात भक्तिगीत सुरू! बायकांनी तोंडात बोटं घातली. एकीनं तर जाताना अक्कांच्या पाया पडून मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारलं. फोन जवळ असला आणि कुणाचा कॉल यायला लागला की स्पीकर आधी कुरकुरतो, एवढीच ती सिद्धी. पण त्या रविवारपासून सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात तुरीच्या डाळीच्या डब्यात जायला लागले. अधूनमधून डाळ वाजायची.

अक्कांची आणखी एक तऱ्हा होती आणि ती नीट सांगायला हवी. गाणं सुरू असताना त्या कधीच यंत्र बंद करत नसत. कुणी आलं, दूध उतू गेलं, काहीही झालं, तरी फक्त थांबवायचं. दोन उभ्या रेघांचं बटण. "मधेच बंद करणं म्हणजे जेवणाऱ्यापुढचं ताट ओढणं. थांबा म्हणावं, तो थांबतो." दूध आवरून आल्या की गाणं सोडलं तिथून पुढे.

त्या वर्षी दसरा झाला आणि थोड्याच दिवसांत अक्का शिकवणीत गप्प गप्प व्हायला लागल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "टिकटिक येऊलालीय."

"कुठल्या सीडीला?"

"सगळ्या."

मी तर उत्साहानं पदर खोचला. चला, नवा चोर! आम्ही क्रमानं निघालो. सीड्या पुसल्या, बदलल्या, टिकटिक आहेच. यंत्राची काच कापसानं साफ केली. वायरी काढून पुन्हा खोचल्या. भांडी उतरवली, अप्पांना चक्क खाली घेतलं. पण गंमत अशी, की टिकटिक फक्त अक्कांना ऐकू येत होती. मी एका स्पीकरला कान लावून बसले, दुसऱ्याला एक मुलगी. आम्हाला गाण्याखेरीज काही नाही. मागच्या गल्लीतले यंत्रमाग दिवसभर खटाखटा चालायचे, त्यात आणखी काय ऐकू येणार?

मग अक्कांनी आपल्या मते शेवटचा पुरावा काढला. गाणं थांबवलं, ते दोन रेघांचं बटण दाबून. गाणं गप्प झालं. अक्का यंत्राशेजारी पाटावर डोळे मिटून बसल्या होत्या.

"येतंय काही?" त्यांनी मला विचारलं.

मी स्पीकरला कान चिकटवला. "नाही अक्का. काही नाही."

"मला येतंय." त्यांनी डोळे उघडले. "गाणं थांबलं, टिकटिक थांबली नाही. म्हणजे ती सीडीत नाही, यंत्रात नाही. कुठं हाय, कळलं की नाही?"

"पण यंत्र नसतं चालू तेव्हा कुठं येते?"

"जेवत नसताना कुठं दात दुखतो? ऐकायला बसलं की कान दुखतो, तसं."

मला भयंकर राग आला. मी म्हटलं, यंत्राचं पोट उघडून बघू. त्याला अक्कांचा नकार. मागचं यंत्र त्यांनी असंच उघडलं होतं, पुन्हा बसवताना एक स्क्रू हातात उरला आणि यंत्र कायमचं गेलं. तेव्हाच त्यांनी पुन्हा यंत्र न उघडायची शपथ घेतली होती. आता शहरात असं दुसरं मिळायचं नाही. शेवटी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "वयाच्या मानानं छान आहेत कान." मला हायसं वाटलं. पण रिक्षात बसल्यावर अक्का म्हणाल्या, "वयाच्या मानानं सूर लावते असं मी कुठल्या पोरीला म्हटलं असतं तर तिनं पुन्हा तोंड उघडलं असतं का गं?"

त्याच आठवड्यात त्यांनी शिकवणी बंद करायचं ठरवलं. कुणाचं ऐकेनात. "दुसरीचा सूर चुकला म्हणून मी चारचौघींत थांबवते. माझा कान खोटा असताना कुठल्या तोंडानं थांबवू?" पेटी आणि तंबोरे आपल्या जुन्या शाळेला देऊन टाकायचे, तसं शाळेला कळवूनही झालं. मुली रडल्या. भाऊंनी समजावलं. वैनी दोन दिवस नीट जेवल्या नाहीत, देवघरात जास्त वेळ बसायला लागल्या. मला ते घर नको झालं होतं. गाण्यातलं काही न कळणारी मी, संध्याकाळी खालून सा ऐकू आला नाही तर मला भाकरी गोड लागायची नाही.

शेवटच्या रविवारी खोली भरून गेली होती. तंबोरे आदल्या दिवशी गेलेच होते. पेटी ओळखीच्या रिक्षावाल्या चाचांनी रिक्षात मागच्या सीटवर ठेवून दोरीनं करकचून बांधली होती. अक्का म्हणाल्या, "एक गाणं ऐकू. मग मी स्वतः पोचवून येते."

त्यांनी आवडती सीडी लावली. गर्दीमुळे मला जागा मिळाली ती यंत्राला खेटून, अक्कांच्या शेजारी. गाणं रंगत गेलं. अक्का डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांच्या बोटाचं टोक गुडघ्यावर बारीक बारीक हलत होतं. तो ताल गाण्याचा नव्हता हे मलासुद्धा कळलं. त्या टिकटिक मोजत होत्या. मला रडू आवरेना.

आणि लाईट गेली.

गाणं अर्ध्या शब्दावर तुटलं. पंखा, फ्रीज, शेजारची मोटार, सगळं बंद. आणि मागच्या गल्लीतले माग, जे मी त्या घरात आल्यापासून दिवसा कधी गप्प झालेले ऐकले नव्हते, तेही एकदम थांबले. सगळी बाळीवेस श्वास रोखून बसल्यासारखी झाली. आणि त्या शांततेत, माझ्या गुडघ्याजवळून आलं, टिक-टिक-टिक-टिक. मग टिक, टिक, टिक. मग जरा थांबून टिक. आणखी थांबून, दमून, टिक. आणि बंद.

अक्कांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा बघायला हवा होता!

"तू ऐकलंस?" त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऐकलं!"

"आमी पण ऐकलं अक्का!" पुढच्या मुली ओरडल्या. बँकवाले काकासुद्धा मान डोलवत होते.

अक्का ताडकन उभ्या राहिल्या. "लाईट गेली तसं हळू होत होत थांबलं! माझा कान काय लाईटवर चालतो का गं? सीडी फिरत होती, ती थांबली! म्हणजे ते बटण दाबून गाणं थांबवलं तरी आत ती फिरतच असती, अय्यो, मला काय ठाऊक!" त्या खोलीत गरागरा फिरायला लागल्या. "आणि गाण्याच्या शेवटी शेवटी टिकटिक हळू व्हायची, मला वाटायचं कान दमला! अगं, शेवटाला सीडीच सावकाश फिरत असणार! सिक्तु! सिक्तु!"

आता शपथ-बिपथ कुणाला आठवणार! प्लग काढला, यंत्र खिडकीच्या उजेडात आणलं. अक्कांनी स्क्रू सोडवले आणि एकेक मोजून माझ्या ओंजळीत दिला, "जिवापाड सांभाळ." झाकण निघालं. सगळ्यांची डोकी एकमेकांवर आपटली. सीडी ज्या चिमुकल्या चकतीवर बसून फिरते तिच्या कडेला काहीतरी लाल चिकटलं होतं. चकती बोटानं फिरवली की ते शेजारच्या पट्टीला घासून जायचं. टिक.

अक्कांनी ते चिमट्यानं उचलून तळहातावर घेतलं. कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा.

"अक्षत?" अक्का म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना एकदम स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. वैनी तिथं तोंडात पदर धरून उभ्या होत्या.

"दसऱ्याला समद्या यंत्रांची पूजा केली," त्या हळूच म्हणाल्या. "मिक्सरची केली, मशीनची केली, ह्यांच्या गाडीची केली. तुमच्याला तुमी हात लावू देत न्हाय. तुमी आंगुळीला गेल्यावर बटान दाबलं, तर ती ताटली भाईर आली. मला वाटलं, ह्योच त्याचा पाट. हळद-कुकू वाहिलं, अक्षता टाकल्या. ती आपली आपणच आत जाया लागली, तवा घाईनं पुसून काढलं. एक दाणा आत ऱ्हायला आसंल."

"अगं पण मला एवढे दिवस..."

"मला काय म्हाईत वन्सं, दाण्यानं आसं हुतं!" वैनी रडायला लागल्या. "मी तर मागणं मागितलं हुतं."

"काय मागणं?"

"वन्संचे कान शाबूत ऱ्हाऊ दे म्हनलं. दुसरं काय मागू? तुमचं समदं त्येच्यावरच हाय की."

मला वाटलं, आता अक्का फटकारणार. पूजा-नैवेद्य, उपासतापास यांवर त्यांची जीभ कशी चालते हे मी रोज ऐकत होते. अक्कांनी तळहातावरच्या दाण्याकडे बघितलं, वैनींकडे बघितलं. मग दुसऱ्या हाताच्या चिमटीत तो दाणा धरला आणि आपल्याच हातानं, सावकाश, स्वतःच्या डोक्यावर टाकला.

"शाबूत हाईत गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या वन्संचे कान शाबूत हाईत."

आणि वैनींना जवळ घेतलं. दोघी एकदमच हसत होत्या, एकदमच रडत होत्या, आणि मधेच कानडीत एकमेकींना काय काय बोलत होत्या ते माझ्या डोक्यावरून गेलं. मुलींनी टाळ्या पिटायला सुरुवात केली. मीही पिटल्या, हातातले स्क्रू खाली सांडले ते नंतर सगळ्यांनी रांगून शोधले.

तेवढ्यात बाहेर रिक्षाचा भोंगा वाजला. "अक्का, निकलूं क्या? धूप चढ रही!" चाचांचा आवाज.

अक्का दचकल्या. "पेटी!" असं ओरडून त्यांनी वैनींना सोडलं आणि चप्पल न घालताच पायऱ्या उतरल्या. आम्ही सगळे मागे. लाईट गेल्यामुळे माग सोडून कामगार गल्लीत येऊन उभे होते, त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. एरवी रस्त्यानं डोक्यावर पदर घेऊन सावकाश चालणाऱ्या अक्का भर उन्हात रिक्षापाशी पोचल्या. "चाचा, उतरवा! उतरवा पेटी!"

"अरे, अब्बीच तो बांधा," म्हणत चाचा खाली उतरले. पण अक्कांना धीर कुठला! दोन्ही हातांनी त्या दोरी ओढत होत्या. गाठ हलेना, चाचा म्हणत होते थांबा थांबा, आणि अक्कांनी वाकून ती गाठ सरळ दातांत धरली.